एकच तर दिला होता

भाऊ कुणाच्याही दारात आले की आधी माणसांकडे बघायचे नाहीत. "या, बसा" म्हटलेलं त्यांच्या कानावर जायचं, नाही असं नाही, पण पाय वळायचे ते गोठ्याकडे. तिथे वाकून एक लेंडी उचलायची, अंगठ्यात आणि बोटात धरून फोडायची, नाकाजवळ न्यायची आणि डोळे मिटून उभं राहायचं, जसं काही कुणी मोगऱ्याची फुलं दिलीत. मग हात धुवायचे, तेही दोनदा, आणि त्यानंतरच ओट्यावर टेकून चहाचा कप हातात घ्यायचा.

पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा माझी सून आत पळाली आणि ओढणी तोंडात कोंबून हसत बसली. मी आपलं विचारलं, "काय हो, लेंडीतनं काय कळलं?"

"हे कळलं, की काल शेळीला शिळ्या भाकरी घातल्या तुमी. दोन-तीन तरी."

आतलं हसू बंद झालं. घातल्या होत्या.

"माणसाला इचारलं की ते गोड बोलतं," भाऊ म्हणाले. "लेंडीला गोड बोलता येत न्हाई."

सगळी नोकरी त्यांनी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात काढली. निवृत्त झाल्यावर आमच्या वाडीवर, पिंपरी पेंढारच्या अलीकडे, बहिणीच्या शेजारी दोन खोल्या घेऊन राहायला आले. घरात एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा चाकणला कंपनीत. आम्ही त्यांना डॉक्टर म्हणायला गेलो तर अंगावर आले. "मी डॉक्टर न्हाई. डॉक्टरच्या मागं बादली धरून हुबा ऱ्हायचा तो मी." मग काय म्हणायचं? आम्ही नुसतं भाऊ म्हणायला लागलो, ते चाललं.

मूळचे ते तळेघरकडचे, भीमाशंकरच्या अंगाचे. तिकडे एसटी दिवसातनं दोनदा आली तरी माणसं खूश. त्यामुळे चालण्याची सवय हाडात मुरलेली. आमच्याकडे डांबरी रस्ता झाला, घरटी मोटारसायकल आली, पण भाऊ काही मागच्या सीटवर बसले नाहीत. कुणी गाडी थांबवून "चला सोडतो" म्हटलं की हात हलवायचे. "गाडीवर बसलं की गोठे दिसत न्हाईत, नुसती दारं दिसतात." आमचे मालक म्हणायचे, "पावणं, रस्ता सरकारनं गाड्यांसाठी केलाय." त्यावर भाऊ म्हणायचे, "मग सरकारला सांगा बसायला."

माणसांची नावं त्यांच्या डोक्यात राहायचीच नाहीत. शेळी मात्र तिच्या आईसकट, आजीसकट आठवायची. म्हणून मग बायकांना ते शेळीवरनं हाक मारायचे. एकीची शेळी काळ्या कानाची, ती बाई झाली काळ्या कानाची. एकीची सदा बांध ओलांडून पळायची, ती झाली उंडारकी. आणि माझ्याकडे होती तीन सडांची शेळी, म्हणजे आचळं दोनाऐवजी तीन. आता तुम्हीच विचार करा. भर बाजाराच्या दिवशी, पारावर सगळी पुरुषमाणसं बसलेली, आणि हे रस्त्यावरनं ओरडतायत, "ओ तीन सडांच्या, उद्या मीटिंग हाय!" मला वाटलं धरणीनं पोटात घ्यावं. मालकांनी आठ दिवस तोंड वर केलं नाही.

माझ्या भाचीच्या लग्नात तर कहर केला. नवरदेव बोहल्यावर चढत होता. सगळे म्हणतायत, काय छान जोडा. भाऊंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि माझ्या बहिणीला शांतपणे म्हणाले, "छाती रुंद हाय. मागचे पाय जरा आत वळल्यात, पन चालंल."

तर असा हा माणूस. त्यानं वाडीतल्या शेळ्यावाल्या आम्हा बायकांची मीटिंग भरवायला घेतली, आणि हा मला शेळ्या शिकवणार! माझं माहेर मेंढरांमागे फिरणारं. पाऊस सरला की वडील कळप घेऊन निघायचे ते पुढच्या पावसाच्या तोंडाला घरी. मी चालायला शिकले ती कोकराच्या मानेला धरून. म्हणून पहिल्या मीटिंगला मी मुद्दाम सगळ्यात मागे, हाताची घडी घालून उभी. उभी म्हणजे सगळ्याच उभ्या. भाऊंची मीटिंग कुणाच्या तरी गोठ्यात व्हायची आणि उभ्यानं व्हायची. गोठ्यात, म्हणजे जिची पाळी आहे ती बाई आदल्या दिवशी झाडून काढते. उभ्यानं, म्हणजे बोलणं लांबत नाही.

"तुमची करडं दरवर्षी ल्हान का व्हायला लागलीत, सांगू?" भाऊंनी विचारलं.

"चारा न्हाई," उंडारकी म्हणाली.

"चारा हाय. बाप न्हाई." बायका पदराआड गेल्या, पण भाऊ कशाला थांबतायत. "गावात चांगला गोमटा बोकड झाला की आधी कोन जातो? तोच. बकरी ईदच्या आधी गिऱ्हाईक दारात येतं, चांगला उचलतं. मागं ऱ्हातो कोन? ज्याला कुनी हात लावला न्हाई तो. मरतुकडा. आनि तोच सगळ्या गावाचा बाप व्हतो. त्याचीच पोरगी, त्याचीच नात. आसं किती दिवस चालायचं?"

मी हाताची घडी सोडली. आमचे वडील बोकड-मेंढा कधी घरचा ठेवत नसत, लांबच्या कळपातनं बदलून आणत. शेळ्यांच्या बाबतीत ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग चांगला बोकड ठेवायचा कुणी? एकीनं ठेवला तर चारा तिचा, वास तिचा, आणि शेळ्या सगळ्या गावाच्या फुकटात येणार. म्हणून कुणीच ठेवत नव्हती. भाऊंनी त्यावर काढलेला तोडगा असा. आम्ही अकरा जणी. बोकड सगळ्यांचा मिळून एक. आठ दिवस एकीच्या घरी, आठ दिवस दुसरीच्या. रविवारी गळ्यातल्या घंटेसकट पुढच्या घरी पोचवायचा. चारा ज्या त्या घरचा. शेळी माजावर आली की बोकड असेल त्या दारी न्यायची, कुणी नाही म्हणायचं नाही.

बोकड आणला तळेघरच्या बायांच्या गटाकडनं. विकत नाही हं. भाऊंच्या शब्दावर. दोन वर्षं आमच्याकडे राहणार, मग धडधाकट परत करायचा, म्हणजे त्या बदल्यात दुसरा, वेगळ्या रक्ताचा देणार.

"आनि मेला तर?" काळ्या कानाचीनं विचारलं.

भाऊ म्हणाले, "तर मी परत माझ्या गावाची वाट चढायची न्हाई. आनि तुमी परत त्याच मरतुकड्याकडं."

आमच्याकडे बिबट्याचं येणंजाणं शेजाऱ्यासारखं, त्यामुळे भाऊंची अट होती की जिच्या गोठ्याला चारी बाजूंनी आणि वरनं जाळी नाही तिच्याकडे बोकड येणार नाही. जाळी लावून झाली की भाऊ तपासायला यायचे. तपासायचे म्हणजे काय, तर चपला काढून, दोन्ही हातांनी जाळी धरून लोंबकळायचे. साठी उलटलेला माणूस, धोतर सावरत, माकडासारखा लटकलेला! "माझा भार झेलला तर त्याचाबी झेलंल." उंडारकीच्या घरी जाळीसकट खाली आले आणि आठ दिवस लंगडले. पण अकरा गोठ्यांना जाळ्या लागल्या. ग्रामसभेत इतकी वर्षं बोलून जे झालं नव्हतं ते एका बोकडाच्या पाळीपायी झालं.

बोकड होता मात्र देखणा. पांढराशुभ्र, लांब कान, चालताना मान अशी काही धरायचा की वाटावं आत्ता आहेर मागेल. ज्या घरी जाईल तिथे त्याचं कौतुक. कुणी लसूणघास कापून आणतेय, कुणी शेवरीचा पाला, कुणी पाठीवरनं हात फिरवतेय. आमचे मालक कुरकुरायचे, "मी मागितलं तर चहा मिळत न्हाई, त्याला भुईमुगाचा पाला." अशानं बायकांनी त्याचं नाव ठेवलं जावईबापू. भाऊंना ते मुळीच आवडायचं नाही.

"जनावराला जनावर म्हना. जावई म्हनलं की तुमचा हात सुटतो. धान्य न्हाई, शिजवलेलं न्हाई, गोड तर न्हाईच न्हाई. सांगून ठेवतो."

आम्ही माना डोलावल्या. आणि मग धोंड्याचा महिना आला.

तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्याकडे अधिकात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालतात. पुरणाचे, वरनं तुपाची धार. जावई सगळे कंपनीत, त्यामुळे मुहूर्त एकच, रविवार. त्या महिन्याचा शेवटचा रविवार. घरोघरी पुरण शिजतंय. बोकड त्या आठवड्यात माझ्याकडे, आणि गटाची मीटिंगसुद्धा माझ्याच गोठ्यात.

सकाळी जावयाला वाढायच्या आधी मी देवापुढे धोंडे ठेवले, आणि एक उरला. गोठ्यात आपले जावईबापू मान वर करून बघतायत. काय सांगू, हात गेला. एकच तर होता. त्यानं तो खाल्ला आणि माझी बोटंसुद्धा चाटली.

मीटिंगला बायका आल्या. भाऊ आले. लेंडी फोडली, हुंगली, बरी होती. सकाळचं पोटात गेलेलं इतक्या लवकर लेंडीत कुठनं उतरणार? मी सुटले. ताटात धोंडे वाढून भाऊंपुढे केले तर त्यांनी ताट बाजूला सारलं. "जावयाचं जावयाला घाला. मी कुनाचा जावई? माझी सासू न् सासरे लग्नाच्या आधीच गेलेले. इतके अधिक आले न् गेले, मला धोंडे जेवायला कुनी बोलावलं न्हाई, आता सवयबी न्हाई." असं म्हणून चहा प्यायले. एरवी मी काही बोलले असते, पण त्या दिवशी माझं सगळं लक्ष गोठ्याच्या कोपऱ्याकडे, राहून गेलं.

मीटिंगच्या आधी, नंतर, मधे, एकेक बाई "जरा बोकड बघून येते" म्हणून कोपऱ्याकडे जाऊन येत होती. मला वाटलं, केवढी ही माया.

दुपार कलली तसा बोकड बसला. उठेना. डावी कूस फुगून ताशासारखी. दात खातोय, कण्हतोय. मी भाऊंना हाक मारायला पळाले ती चप्पल न घालता.

डॉक्टरांना फोन लावला, ते लांब एका गाईच्या बाळंतपणात अडकलेले. म्हणाले, तेल पाजा, चालवा, मी संध्याकाळपर्यंत येतो. भाऊंनी गोडेतेल मागितलं, खायचा सोडा मागितला, बोकडाचे पुढचे पाय ओट्यावर चढवले आणि नळीनं तेल पाजलं. कडुलिंबाची जाड काडी तोंडात आडवी धरून कानामागे बांधली, चघळत राहावा म्हणून. मग कूस चोळायला लागले. घाम नाकावरनं गळतोय. अकराही जणी जमलेल्या. जावई मंडळी नवे कपडे घालून ओट्यावर उभी, त्यांच्याकडे बघायला कुणाला वेळ नाही.

"कुनी काय घातलं?" भाऊंनी वर न बघता विचारलं.

सगळ्या जणी बोकडाकडे बघायला लागल्या. मी तेलाची बाटली पुसत बसले. एक धोंडा, आणि एवढं? मला वाटलं मी जनावर मारलं, माणसाचा शब्द मारला, गट मारला.

"चालवा त्याला."

मग आम्ही त्याला चालवला. पाळीपाळीनं, कालव्याच्या भरावावरनं, चढावर तोंड करून. दोघी पुढनं ओढतायत, दोघी मागनं रेटतायत, बाकीच्या बाजूनं कूस चोळतायत. भाऊ मागे. त्या दिवशी मी त्यांच्या तोंडाकडे एकदाच बघितलं, परत बघवलं नाही. ते बोकडाकडे बघत नव्हते, पश्चिमेला डोंगराकडे बघत होते.

किती फेऱ्या झाल्या ते देव जाणे. शेवटी चढावर तो थांबला, मान लांब केली, आणि असा काही ढेकर दिला की कालव्यावरचे बगळे उडाले. तुम्हाला खोटं वाटेल, आम्ही टाळ्या वाजवल्या. लेकीच्या बाळंतपणाचा निरोप आला तेव्हा मी इतकी हरखले नव्हते. भाऊ मटकन खाली बसले. "आजून एक येऊ दे," एवढंच म्हणाले. तो आला. मग तिसरा. संध्याकाळी डॉक्टर आले तेव्हा बोकड उभा होता आणि भाऊ झोपले होते, माझ्या ओट्यावर, चपला उशाला घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लेंडी बघायला आले. मला राहवेना. गोठ्यात कुणी नाही बघून मी म्हणाले, "भाऊ, मीच घातला. एकच धोंडा. एकच तर दिला व्हता हो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता सगळ्या गावासमोर काढतील. पण ते म्हणाले, "बरं. आता गप ऱ्हा. कुनाला बोलू नको. मीबी बोलनार न्हाई."

त्यानंतर दर मीटिंगला त्यांचं एक वाक्य ठरलेलं. "आपल्यातल्या एका बाईनं मला येऊन खरं सांगितलंय. तिचं नाव मी सांगनार न्हाई. पन तिनं ध्यानात ठेवावं." हे ऐकलं की माझी मान खाली. बाकीच्या दहा जणी मला साध्वी वाटायच्या. त्या ओझ्यापायी मी काय काय केलं! बोकड कुणाच्याही दारी असो, घासाची एक पेंढी नेऊन टाकायची. कुणी लग्नाला गेली तर तिची पाळी मी घ्यायची. एकदा गिऱ्हाईक माझ्या एकटीच्या दारी आलं, गुपचूप चांगला भाव देतो म्हणालं. नियम होता, एकटीनं विकायचं नाही, सगळ्यांची जनावरं काट्यावर चढवून एकदम विकायची. पूर्वीची मी असते तर मोडला असता. आता कुठल्या तोंडानं मोडू?

दोन वर्षं सरली. करडं अशी झाली की बघणारा थांबावा. बोकड परत करायचा दिवस आला. पिकअपमध्ये मागे बोकड आणि आम्ही अकरा जणी, पुढे ड्रायव्हर. भाऊ आदल्या दिवशीच चालत निघाले होते! वर तळेघरला धुकं, भातखाचरं भरलेली. तिथल्या बायांच्या म्होरकीनं बोकडाचे दात बघितले, पाय बघितले, पाठीवर थाप मारली. "लई चांगला सांभाळला गं बायांनो." आणि काळ्या कानाचीनं एकदम हंबरडा फोडला.

"कसला सांभाळला! मी मारला असता त्याला. मीच धोंडा घातला व्हता. एकच दिला, पन..."

"तू?" उंडारकी म्हणाली. "काय बोलतीस? मी घातला व्हता! भाऊंना सांगितलंय मी."

"थांबा," मी म्हणाले. "तो माझा व्हता."

मग एकेक करून अकरा. प्रत्येकीनं एकच. प्रत्येकीनं चोरून. प्रत्येकीनं दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी भाऊंकडे जाऊन कबूल केलेलं, आणि प्रत्येकीची दोन वर्षं मान खाली. आधी आम्ही एकमेकींची तोंडं बघितली. मग तळेघरच्या बाया हसायला लागल्या आणि आम्ही खाचराच्या बांधावरच बसलो, पोट धरून.

"भाऊ, तुमाला ठावं व्हतं?" मी विचारलं. "मग सांगितलं का न्हाई?"

भाऊ नव्या बोकडाची लेंडी फोडत होते. "सांगितलं आसतं तर अकरा जनी एकमेकीकडं बोट दावून मोकळ्या झाल्या आसत्या," ते म्हणाले. आणि हुंगून, "ह्याचं पोट बरं हाय. चला."

पुढे पाय दुखायला लागले तसे मुलानं त्यांना चाकणला नेलं. चौथ्या मजल्यावर. गोठा नाही, चालायला बांध नाही. फोनवर रोज एकच, "लेंडी कशी हाय?" मग आम्ही फोटो पाठवायला लागलो. ज्या घरी बोकड त्या घरचा फोटो. त्यांच्या सुनेचा एकदा फोन आला, "मावशी, जेवायच्या वेळेला तरी नका पाठवू हो. ते ताटाशेजारी फोन ठेवून मोठा करून बघतात."

यंदा परत अधिक आला, तोही ऐन उन्हाळ्यात. मीटिंगमध्ये मीच विषय काढला. भाऊंना धोंडे जेवायला घालायचे. त्यांना सासुरवाडी नाही तर नाही, आम्ही अकरा घरं आहोत. ठरलं असं की उगाच पसारा नको, धोंडे मी एकटीनं करायचे, बाकीच्यांनी फक्त यायचं. सगळ्यांनी हो म्हटलं. नियम म्हणजे नियम.

एसटीनं गेलो. जिने चढताना निम्म्या जणींचे गुडघे बोलले. भाऊ दारात उभे, वाळलेले, पण डोळे तेच. सवयीनं आमच्या मागे गोठ्याकडे बघितल्यासारखं बघितलं, तिथे लिफ्ट होती, बंद पडलेली.

मी पाटावर बसवलं, ओवाळलं. ताटात धोंडे ठेवले. तेवढ्यात काळ्या कानाचीनं पदराखालनं डबा काढला. "एकच हाय, भाऊ. घरचा." उंडारकीनं पिशवीतनं काढला. "माझाबी एकच." मग तिसरी. मग चौथी. दहाही जणींनी आणलेला, चोरून, एकमेकींना न सांगता. ठरलेलं असताना! मी कपाळाला हात लावला.

भाऊंनी सगळे डबे ओळीत मांडले. एक धोंडा उचलला, अंगठ्यात आणि बोटात धरून फोडला, नाकाजवळ नेला, डोळे मिटले. बराच वेळ तसेच राहिले. मला वाटलं आता काही तरी बोलतील आणि आमच्या डोळ्यांना पाणी येईल.

डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "तीन सडांच्या, गोडेतेल आनलंय का बरूबर?"

मी पिशवीत हात घातला आणि घाण्यावरच्या तेलाची बाटली त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. आमच्या बायांना मी ओळखते. सकाळी निघतानाच भरून घेतली होती.